सर्व प्रकारच्या वाहनांसाठी

मी पोस्टात टपाल वाटते. गावं चार, वाड्या अकरा आणि सायकल एक. माझ्या आधी हे काम सासऱ्यांकडे होतं. त्यांच्यानंतर माझ्याकडे आलं, कारण नवरा मुंबईला आणि घरात लिहिता-वाचता येणारी दुसरी होती कोण? तेव्हा बाई सायकलवरून टपाल घेऊन निघाली की पोरं मागून ओरडत धावायची. धावेनात का बापडी. पुढं त्यांच्याच नोकरीची कॉललेटरं मी नेऊन दिली, आणि चहा घेतल्याशिवाय एकाच्याही दारातून हलले नाही.

आमची वाडी संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, सड्याच्या कडेवर. सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. झाड म्हणाल तर औषधाला नाही, करवंदीच्या जाळ्या तेवढ्या. वाडीतून निघालेली वाट या सड्यावरून सरळ सहा किलोमीटर जाते, शेवटी देवराईपाशी जरा चढते आणि पलीकडे उतरून हायवेला मिळते. जाते, मिळते, असं सवयीनं लिहून गेले. ती वाट आता नाही. तिच्या जागी रस्ता आहे, आणि तो मी मागून घेतलेला आहे.

मागायला कारण होतं. सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं तो दिवस चैत्रातला. गाडी वाडीपर्यंत यायचा प्रश्नच नव्हता. वाट बैलगाडीची, मधोमध कातळाची उंच पायरी. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्चीला बांबू बांधले आणि सड्यावरून घेऊन निघाले. मी छत्री धरून बाजूनं चालत होते. देवराईच्या चढाला त्या म्हणाल्या, मला खाली ठेवा रे, तुम्ही दमलात. एका दगडाला टेकवून खुर्ची खाली ठेवली. तिथंच गेल्या. त्या दगडापासून हायवे दिसतो. मुलगा, म्हणजे माझा नवरा, मुंबईहून निघाला होता, तो दुसऱ्या दिवशी पोचला.

तेरावं झालं आणि मी अर्ज लिहायला बसले. वाडीतले सगळे अर्ज मीच लिहायची. अक्षर चांगलं आणि सरकारी मराठी पाठ. लिहिलं, 'आमच्या वाडीच्या वाटेची दुरुस्ती करून मिळावी.' ग्रामपंचायतीतल्या कारकुनानं वाचून कागद परत दिला. म्हणाला, वहिनी, वाट कुठल्याच योजनेत बसत नाही, रस्ता लिहा. मला पटलं. वाट पायांनी पडते आणि रस्ता सरकार करतं, एवढा फरक मलाही कळत होता. मी वाटेवर काट मारली, रस्ता लिहिलं, आणि हात चालू होता म्हणून पुढं आणखी लिहिलं: 'सर्व प्रकारच्या वाहनांसाठी बारमाही रस्ता.' कारकून खूश झाला. खोटं कशाला सांगू, मीही झाले. ते वाक्य पुढचे दोन दिवस मी पायडल मारता मारता मनात म्हणत होते.

उत्तर काही आलं नाही. म्हणून पुढच्या वर्षी सासूबाईंच्या श्राद्धाला पान ठेवलं, कावळा शिवला, आणि जेवायच्या आधी मी एक स्मरणपत्र लिहून रजिस्टर केलं. मग तो रिवाजच पडला. दर चैत्रात पान ठेवायचं, कावळा शिवला की स्मरणपत्र लिहायचं, मग जेवायचं. वाडीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या सासूला वडे कमी आणि अर्ज जास्त पोचतात.

कितव्यातरी वर्षी काम मंजूर झालं. कातळाची पायरी फोडली, सड्यावर खडी पसरली, वर तांबडा मुरूम टाकून रोलर फिरवला. आणि डांबर घेऊन यायचा तो ठेकेदार गेला तो गेलाच. काम अर्धवट. सगळी वाडी चिडली. मी तर जास्तच, कारण नव्या खडीवरून सायकल घसरते आणि पडलं की गुडघे सोलतात. पण दोन पावसाळे गेले, खडीची टोकं खाली बसली, मुरूम त्यांच्यात शिरला, आणि वाट अशी काही झाली की विचारू नका. टायरखाली बारीक करकर, बस्स, दुसरा आवाज नाही. गाड्या कोण आणतोय तिथं? रिक्षावाले टायरच्या काळजीनं यायचे नाहीत. ॲम्ब्युलन्सवालासुद्धा हायवेवरूनच फोन करायचा, पेशंटला इकडं घेऊन या म्हणून. त्यामुळं माझी स्मरणपत्रं चालूच राहिली.

आमचे हे तीस वर्षं मुंबईत लिफ्टमन होते. फोर्टातली जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट. माणसाचं अर्धं आयुष्य एका पेटीत उभ्यानं वरखाली करण्यात गेलं, आणि मी इथं रोज वीस-पंचवीस किलोमीटर आडवी फिरत होते. आमची गाठ गणपतीत आणि शिमग्यात. निवृत्त होऊन आले तेव्हा यांचा उजवा अंगठा आपोआप हलत होता. मी चेष्टा केली, अजून बटणं दाबताय की काय म्हणून. ती चेष्टा आठवली की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. म्हणाले, हा बरा होत नाही, पुढं पुढं जात राहतो. हात हलतो ते एक वेळ परवडलं, पण पाय थांबायला लागले. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला खिळायचे. वरचं अंग पुढं जातंय आणि पाय तिथंच. मी धरायला धावायची. हे म्हणायचे, "लिफ्ट अडकली गो. दोन माळ्यांच्या मधी." आणि हसायचे. मीही हसायची, मग मागच्या दारी जाऊन रडायची. चालणारा-बोलणारा माणूस पडवीपासून न्हाणीपर्यंत पोचेना.

एका दिवाळीच्या आसपास असेच पडवीत अडकले. आधाराला हाताशी लागली ती माझी सायकल. तिचं हॅण्डल धरलं आणि पाय सुटले. सायकल ढकलत अंगणात उतरले. मी भाकरी टाकत होते. बाहेर येऊन बघते तर हे सीटवर बसायच्या बेतात. मी जोरात ओरडले. हे शांतपणे म्हणाले, नुसती धर. धरली. पाय पायडलवर ठेवले, आणि गेली की सायकल माझ्या हातातून! उंबरा ओलांडता न येणारा माणूस ताठ बसून सड्याच्या वाटेला लागला, आणि पिठाच्या हातांनी मी मागून धावतेय.

डॉक्टरांना फोन केला तर त्यांना नवल वाटलं नाही. काही जणांचं असं होतं म्हणाले. चालण्याचा धागा तुटला तरी सायकलचा शाबूत राहतो. चालवू दे त्यांना, पण रहदारीत अजिबात नको. कारण यांना पटकन थांबता यायचं नाही, बाजूला घेता यायचं नाही, आपलं आपण उतरता यायचं नाही. सुरुवातीला धरून सोडायला माणूस हवा, शेवटी धरायला माणूस हवा आणि मधे वाट मोकळी हवी. अशी वाट बाकी कुणाकडे असेल ते ठाऊक नाही. आमच्या दारात होती.

मग रोज चार वाजता आम्ही निघायचो. हे माझ्या सायकलवर, आणि मी जावेच्या मुलीला शाळेतून मिळालेल्या सायकलवर. मी यांना सुरू करून द्यायची, धावत जाऊन माझी सायकल घ्यायची आणि पायडल मारून मारून यांना गाठायची. छाती फुटायची वेळ यायची. हे मागं न बघता विचारायचे, आलीस काय गो? आवाज स्वच्छ. घरात पुटपुटणारा माणूस सड्यावर खणखणीत बोलायचा. देवराईचा चढ आला की सायकल आपोआप मंदावायची, तेवढ्यात मी पुढं होऊन धरायची. सासूबाईंना टेकवलं होतं त्या दगडावर आम्ही बसायचो. खाली हायवेवरून ट्रक जाताना दिसायचे, आवाज यायचा नाही. हे विचारायचे, कितवा माळा? मी म्हणायची, गच्ची. एवढाच आमचा विनोद, रोजचा, आणि रोज हसू यायचं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि इतकं एकत्र आम्ही कधी फिरलोच नव्हतो.

त्या थंडीत पुण्याहून पाच सायकलवाले आले. जाड टायरच्या सायकली, डोक्यावर टोपड्या. डांबर टाळत, मोबाइलवर नकाशा बघत खडीच्या वाटा शोधत हिंडत होते. मला गंमत वाटली. आम्ही डांबर मागून मागून दमलो आणि ही शिकलेली माणसं इतक्या लांब खडी शोधायला येतात. म्हणाले, सहा किलोमीटर सलग आणि एकही गाडी नाही, अशी वाट आता मिळत नाही. मग आमच्याबरोबरच देवराईपर्यंत आले. पाचही जण यांच्या मागून, शिस्तीत, एकानंही पुढं काढली नाही. हे तर त्या दिवशी वरातीतल्या नवरदेवासारखे चालले होते.

त्यांच्यातली एक बाई निघताना मला म्हणाली, काकू, ही वाट डांबरी होऊ देऊ नका हं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझी सासू या दगडाला टेकून मेली, तुमचं काय जातंय बोलायला? बाई गोरीमोरी झाली. बिचारीनं कागदावर नंबर लिहून दिला, कधी काही लागलं तर कळवा म्हणाली, आणि गेली. माझ्या रागाचं असंच आहे. तो आधी येतो, विचार मागून. ती बरोबर बोलत होती हे कळायला मला वर्ष गेलं.

कारण पुढं चैत्र आला. पान ठेवलं, कावळा शिवला, आणि मी कागद पुढ्यात घेतला. हे पडवीत खुर्चीवर बसले होते. म्हणाले, लिव. मी लिहिलं. तेच वाक्य, दर वर्षीचं, सर्व प्रकारच्या वाहनांसाठी. पाकीट चिकटवलं, शिक्का मारला, जेवलो, आणि चार वाजता त्याच वाटेनं सायकली घेऊन निघालो. दोघांच्याही मनात काही आलं नाही. आता मी हे रात्रंदिवस घोळवते. ज्या हातांनी यांची सायकल धरत होते त्याच हातांनी ते पाकीट थैलीत टाकलं. देवापुढं दिवा लावताना बाई कुठं विचार करते का? तसं झालं ते. पण तसं झालं म्हणून काय झालं, अक्कल माझीच गहाण पडली होती.

आणि नेमकं त्याच पत्राला सरकार जागं झालं. त्यालाही कारण होतं. आमच्या वाडीच्याही पलीकडं, सड्याच्या कडेला कुणीतरी चिरेखाण काढायला जमीन घेतली होती. चिरे म्हणजे घर बांधायचे जांभ्या दगडाचे ठोकळे. चिरे न्यायला डंपर लागतात आणि डंपरला पक्का रस्ता लागतो. अर्ज माझा तयारच होता. इतक्या वर्षांची स्मरणपत्रं फायलीत ओळीनं लावलेली, त्यांना नवीन काही लिहावंही लागलं नाही.

रस्ता रुंद करायला दोन्ही बाजूंच्या जमीनवाल्यांची संमती हवी होती. आमचा कुंपणाचा गडगा त्यात जात होता. संमतीचा कागद घेऊन तोच कारकून आला; त्याचेही केस आता पांढरे झालेत. मी म्हटलं, सही मिळणार नाही. तो बघतच राहिला. वाडीतली चार माणसं जमली. शेजारच्या सुनेला सातवा महिना होता, तिची सासू माझ्याकडे बघत उभी राहिली. एकजण म्हणाला, वहिनी, तुम्हीच मागितलात, आता तुम्हीच अडवणार? मी काय, आमच्या माणसाला सायकल चालवायची आहे म्हणून तुमच्या सुनेला खुर्चीतून न्या, असं म्हणणार होते?

यांनी पेन मागितलं. मी दिलं नाही. मग यांनी कारकुनाच्या खिशातलं घेतलं आणि मला म्हणाले, "आयेला खुर्चीतून नेली. मला गाडीतून ने."

सही करायला पाच मिनिटं लागली. या दुखण्यात अक्षर बारीक होत जातं. यांची सही मुंगीएवढी आली, आडनावापर्यंत तर दिसेनाशी झाली. कारकून म्हणाला, चालेल, चालेल.

काम चालू होतं तोवर आम्ही सुट्टीच्या दिवशी जायचो. मग डांबर पडलं, काळंकुळीत, गुळगुळीत, आणि डंपर सुरू झाले. मी टपाल वाटताना त्यांच्या वेळा बघून ठेवल्या. दुपारी ड्रायव्हर जेवायला थांबतात, तेवढा तासभर रस्ता मोकळा असायचा. तेवढ्यात आम्ही जाऊन यायचो, भर उन्हात, चोरासारखे. यांना ते आवडत नव्हतं. डांबरावर आवाजच येत नाही म्हणायचे. खडीची करकर ऐकू आली की चाक चालू आहे एवढं कळायचं.

एका दुपारी कुणीतरी लवकर जेवून उठला. आम्ही परत येत असताना चिऱ्यांनी भरलेला डंपर समोरून आला आणि त्यानं हॉर्न दिला. हॉर्ननं यांचे हात जागच्या जागी गोठले. मी मागून ओरडत होते, डावीकडं घ्या, डावीकडं घ्या. सायकल सरळच जात राहिली. ड्रायव्हरनं सगळा जीव ब्रेकवर घातला, डंपर हातभर अंतरावर थांबला, आणि हे तोल जाऊन बाजूच्या गटारात पडले. फुटक्या जांभ्यावर. खांद्याचं हाड मोडलं. ड्रायव्हरनंच यांना उचलून केबिनमधे बसवलं आणि घरी आणलं. आमच्या दारात येऊन थांबलेलं पहिलं वाहन तो डंपर.

सव्वा महिना अंथरुणावर गेला. हाड जुळलं. पण तेवढ्या दिवसांत सायकलचाही धागा तुटला. अंगणात मी आणि जावेनं मिळून यांना सीटवर बसवलं, पाय पायडलवर ठेवले. ठेवले तिथंच ते राहिले. मी म्हटलं, अवो, मारा की. हे खाली पायांकडे बघत राहिले, दुसऱ्याचे पाय बघावेत तसे. लिफ्ट अडकली असं काही या वेळी बोलले नाहीत. मीच मग उतरवून घेतलं.

त्या पुण्याच्या बाईचा कागद डब्यातून शोधून काढला आणि फोन केला. काय मागायला केला ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं ओळखलं, काकांची चौकशी केली, हळहळली. मग म्हणाली, अरेरे, म्हणजे आम्हाला आता दुसरा रूट शोधायला हवा. तिची काय चूक? त्यांना दुसरा मिळेल.

पत्र फाल्गुनात आलं. संगमेश्वरहून आलेली थैली फोडली, टपाल वेगळं केलं, तर एका रजिस्टरवर माझंच नाव. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, सरकारकडून मला आलेलं हे पहिलंच. नियम म्हणजे नियम. चारी गावं फिरून झाल्यावर शेवटी ते मी माझ्या दारात आणून मलाच दिलं. पोच घेतल्याची सही केली, दिल्याचीही केली.

"काय आला गो?" यांनी विचारलं. आवाज आता इतका खाली गेलाय की कान तोंडाशी न्यावा लागतो.

वाचून दाखवलं. आपल्या स्मरणपत्रास अनुसरून कळविण्यात येते की, सदर वाडीकरिता सर्व प्रकारच्या वाहनांसाठी बारमाही रस्त्याचे काम पूर्ण झाले आहे, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. वाक्य माझंच होतं, त्यांनी एक अक्षर बदललं नव्हतं.

बाहेरून डंपर गेला, फडताळातली भांडी वाजली. मग हे म्हणाले, "तळमजला."

गेल्या आठवड्यात सासूबाईंचं श्राद्ध झालं. पान ठेवलं, कावळा शिवला. हात सवयीनं कागदाकडे गेला, आणि मग लक्षात आलं की मागायचं आता काही उरलेलं नाही. मी पानं वाढायला उठले. यांनी बोटानं खुणावलं. जवळ जाऊन मी कान खाली नेला.

"लिव," म्हणाले. "वाट परत माग."

मी खाली बसले आणि लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं, 'आमच्या वाडीची वाट आम्हाला परत मिळावी.' वाचून दाखवलं. यांनी मान हलवली, की ती आपली आपण हलली, ते आता मला ओळखता येत नाही. मग जेवलो. पाकीट चिकटवलं, थैलीत टाकलं, आणि आठवडाभर ते माझ्याबरोबर चारी गावं फिरतंय. वर पत्ता नाही. लोकांचे पत्ते वाचण्यात माझा जन्म गेला, आणि हे कुणाला पाठवायचं ते मला ठाऊक नाही.